भीती खरी असते तेव्हा

समुपदेशकांच्या प्रशिक्षणात एक सराव घेण्यासारखा आहे. एकाने आई व्हायचं, दुसऱ्याने समुपदेशक. आईचा मुलगा चार वर्षांचा आहे. त्याच्या गळ्याला श्वासासाठी नळी बसवलेली आहे आणि पोटाला अन्नासाठी दुसरी. आई म्हणते, "रात्री मी झोपतच नाही. डोळा लागला आणि नेमकी तेव्हाच नळी चोंदली तर?" समुपदेशक पुस्तकात शिकलेला प्रश्न विचारतो, "असं होईल याला पुरावा काय?" आई सांगते, "गेल्या महिन्यात दोनदा झालंय."

बहुतेक वेळा सराव इथेच अडतो. चिंतेवरच्या नेहमीच्या उपचारात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: चिंताग्रस्त माणूस धोका आहे त्यापेक्षा मोठा करून पाहतो. ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात घडवलेल्या विचार-वर्तन उपचारपद्धतीने अशा फुगलेल्या विचारांना हळूहळू टाचणी लावायला शिकवलं आणि जगभर लाखो लोकांना तिचा फायदा झाला. पण या आईने धोका फुगवलेला नाही. नळी खरोखर चोंदते, आणि चोंदली की हाताशी फार थोडा वेळ असतो. तिची भीती हा 'विचारातला दोष' समजून उपचार सुरू केले, तर ती पुढच्या भेटीला येणार नाही. तिचं न येणंही बरोबरच म्हणावं लागेल.

गुंतागुंतीचे, दीर्घकाळ चालणारे आजार असलेल्या मुलांच्या पालकांना आधार द्यायचा तर चांगला समुपदेशक असणं पुरत नाही. त्यासाठी वेगळं शिकावं लागतं आणि थोडं विसरावंही लागतं. पालकाच्या भीतीतला खरा भाग कोणता आणि त्यावर चढलेला थर कोणता, हे वेगळं करणं हा या शिक्षणाचा गाभा आहे. खऱ्या भागाला व्यवस्था लागते आणि थराला उपचार. दोन्हींवर एकच औषध चालत नाही.

हॉस्पिटल घरी येतं

आधी ही मुलं कोण, ते पाहू. कॅनडातले बालरोगतज्ज्ञ एयाल कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली अशा मुलांना ओळखण्याच्या चार खुणा मांडल्या: एक किंवा अनेक गंभीर दीर्घ आजार, रोजच्या हालचालींवर मोठ्या मर्यादा, आरोग्यसेवेचा सततचा वापर आणि कुटुंबावर पडणारा गरजांचा मोठा बोजा. नावं वेगवेगळी असतात. सेरेब्रल पाल्सीसोबत न थांबणाऱ्या फिट्स, जन्मजात हृदयविकार, कर्करोग, स्नायू झिजवणारी मस्क्युलर डिस्ट्रॉफी, दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागणारा थॅलेसेमिया, वेदनेच्या झटक्यांनी मुलाला पिळून काढणारा सिकलसेल.

पन्नास वर्षांपूर्वी यातली बरीच मुलं वाचत नसत. नवजात अतिदक्षता विभाग, हृदयशस्त्रक्रिया, किमोथेरपी आणि घरी वापरण्याजोगी यंत्रं यांमुळे आज ती जगतात. या यशाची एक बाजू मात्र क्वचितच बोलली जाते. वॉर्डात जे काम परिचारिका तीन पाळ्यांमध्ये वाटून करतात, ते डिस्चार्जच्या दिवशी एका माणसाच्या हाती सोपवलं जातं. सक्शन मशीनने कफ कसा ओढायचा, सिरिंजने दूध किती सावकाश सोडायचं, फिट किती मिनिटं टिकली तर कोणतं औषध द्यायचं, ऑक्सिमीटरचा आकडा कुठे घसरला की गाडी काढायची, हे सगळं आई वॉर्डात दोन-चार दिवसांत शिकते आणि घरी वर्षानुवर्षं करत राहते. पुण्या-ठाण्याकडच्या आधारगटांत अशा माणसाला 'शुभंकर' म्हणतात. आपल्या घरांत हे पद बहुधा आईकडेच येतं, आणि अर्ज न करताच.

याचा शरीरावर काय परिणाम होतो, याचा एक गाजलेला अभ्यास आहे. एलिसा एपेल आणि पुढे, २००९ साली, नोबेल मिळवलेल्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी २००४ साली ५८ मातांच्या रक्तपेशी तपासल्या. त्यांपैकी ३९ जणींची मुलं दीर्घ आजारी होती. पेशीतल्या गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नावाची टोपणं असतात आणि वयानुसार ती आखूड होत जातात. मुलाची काळजी घेण्यात जितकी वर्षं जास्त गेली, तितकी ही टोपणं आखूड आढळली. सगळ्यांत जास्त ताण जाणवणाऱ्या आणि सगळ्यांत कमी ताण जाणवणाऱ्या मातांच्या पेशींमध्ये निदान दहा वर्षांच्या वयाइतका फरक होता. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्यातून ठाम नियम काढता येत नाही. तरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मुलाची काळजी घेण्यात गेलेल्या वर्षांच्या बरोबरीने आईला त्याचा आजार किती झेपतो आहे याची तिची स्वतःची जाणीवही पेशींच्या अवस्थेशी जोडलेली होती. आजार समुपदेशकाच्या हातात नसतो, पण झेपण्याच्या बाबतीत तो काही करू शकतो.

'स्वीकारा' म्हणण्याची घाई

या क्षेत्रातली सर्वांत उपयोगी टीका जुनी आहे. १९६२ साली सायमन ओल्शान्स्की यांनी अमेरिकेत एक छोटा लेख लिहिला. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांबरोबर काम करताना त्यांना एक गोष्ट सतत दिसायची. तज्ज्ञ मंडळी पालकांच्या दुःखाला मानसिक बिघाड समजत आणि 'तुम्ही अजून वस्तुस्थिती स्वीकारलेली नाही' असं सुनावत. ओल्शान्स्की यांचं म्हणणं असं की हे दुःख आजार नाही, ती एका दुःखद वस्तुस्थितीला माणसाची साहजिक प्रतिक्रिया आहे. मूल आहे तोवर ते राहतं, कधी ओसरतं, कधी उसळतं. त्याला त्यांनी दीर्घ दुःख म्हटलं.

ते उसळतं कधी, हे शिकाऊ समुपदेशकाला माहीत हवं, कारण या उसळण्याचं एक वेळापत्रक असतं. शेजारचं त्याच वयाचं मूल शाळेत जायला लागतं तेव्हा. धाकटं भावंड थोरल्याच्या पुढे निघून जातं तेव्हा. व्हीलचेअर घ्यायची वेळ येते तेव्हा. अठरावा वाढदिवस येतो तेव्हा. सहा महिने बरी असलेली आई जूनमध्ये अचानक कोसळली तर उपचार फसले असं नसतं. शाळा सुरू झालेल्या असतात.

दुःखाच्या पाच पायऱ्यांचं एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांचं १९६९ सालचं वर्णन अनेकांना पाठ असतं. ते मृत्यू समोर असलेल्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यातून आलं होतं. आजारी मुलाच्या पालकावर ते बसवलं की समुपदेशक 'स्वीकार' नावाच्या शेवटच्या पायरीची वाट पाहू लागतो, आणि ती आली नाही की पालकाला नापास करतो. म्हणून प्रशिक्षणात काही वाक्यं आधी काढून टाकावी लागतात. 'देव झेपेल त्यालाच देतो.' 'तुम्ही किती खंबीर आहात.' 'स्वतःसाठीही वेळ काढा.' पहिल्या वाक्याने तक्रारीची सोय उरत नाही. दुसऱ्याने रडण्याची उरत नाही. तिसरं ऐकल्यावर आईच्या मनात एकच प्रश्न येतो: काढते, पण तेवढा वेळ सक्शन कोण करणार?

त्याच सरावाची दुसरी फेरी

आता तोच सराव नीट करून पाहू. आई तेच म्हणते: डोळा लागला आणि नळी चोंदली तर? या वेळी समुपदेशक विचारतो, "दोनदा झालं तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"सक्शन लावलं. कफ निघेना. मग नळीच बदलली."

"ती हाताशी कुठून आली?"

"उशाशी पिशवी असते ना. एक त्याच मापाची, एक त्याहून लहान."

"म्हणजे दोन्ही वेळा तुम्ही नळी स्वतः बदललीत. घरात हे आणखी कुणाला येतं?"

आई थांबते. "कुणालाच नाही."

अडचण आता कुठे सापडली. भीतीचा खरा भाग असा आहे की एका जिवाची सगळी मदार एका माणसाच्या जागं राहण्यावर आहे. त्यावर उपाय श्वसनाच्या व्यायामाचा नाही. वडिलांना किंवा आजीला हॉस्पिटलात नेऊन नळी बदलायला शिकवायचं, डॉक्टरांना मॉनिटरच्या अलार्मबद्दल विचारायचं, आठवड्यातल्या दोन रात्री पाळी लावायची, हा तो उपाय. हे झालं, वडील तरबेज झाले आणि तरीही त्यांच्या पाळीच्या रात्री आईला झोप लागली नाही, तर तो चढलेला थर. कुकरची शिट्टी मॉनिटरच्या अलार्मसारखी ऐकू येते, हॉस्पिटलच्या वासाने हातपाय गळतात, मूल शांत झोपलं तरी ती त्याच्या नाकाशी बोट धरून पाहते. अतिदक्षता विभागातून बाहेर पडलेल्या कुटुंबांमध्ये अशा आघाताच्या खुणा वारंवार दिसतात आणि त्यावर परिणामकारक मानसोपचार आहेत. फक्त हा क्रम पाळावा लागतो. आधी पाळी, मग उपचार.

ही दुसरी फेरी जमण्यासाठी समुपदेशकाला वैद्यकाची थोडी अक्षरओळख लागते. त्याने डॉक्टर व्हायचं नाही, पण जादा नळीची पिशवी असते हे त्याला ठाऊक नसेल तर पुढचा प्रश्न सुचणार नाही. अशा प्रशिक्षणात एखादा दिवस वॉर्डात काढणं, किमोच्या दिवसाचा क्रम पाहणं, पोटाच्या नळीतून दूध देताना शेजारी उभं राहणं, यांचं मोल व्याख्यानापेक्षा जास्त आहे. आईला प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून आजार समजावून सांगावा लागतो. समुपदेशकाने त्यात भर घालू नये.

अडचण छोटी करण्याचं तंत्र

या पालकांसाठी सर्वांत नीट तपासलेल्या पद्धतींपैकी एक म्हणजे 'ब्राइट आयडियाज'. नुकतंच कर्करोगाचं निदान झालेल्या मुलांच्या मातांसाठी ती अमेरिकेत घडवली गेली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणाऱ्या ४३० माता होत्या. तासाभराच्या आठ भेटी आणि पाच पायऱ्या: अडचण नेमकी ओळखा, पर्याय मांडा, ते तोलून पाहा, एक करून पाहा, जमलं का ते बघा. याच्या मुळाशी एक विश्वास असतो की काहीतरी करता येण्यासारखं आहे.

पाच पायऱ्या कागदावर बाळबोध वाटतात. शिकाऊ समुपदेशकांची दमछाक पहिल्याच पायरीवर होते. आई म्हणते, "मला हॉस्पिटलचं टेन्शन येतं." हे सोडवता येत नाही, कारण ते हातात मावत नाही. खोदत गेलं की वेगळंच निघतं: "मोठे डॉक्टर राउंडला येतात, दोन मिनिटं थांबतात, आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. ते गेल्यावर सगळं आठवतं." ही अडचण हातात मावते. पर्याय मांडताना नियम असा की या टप्प्यावर कुठल्याही पर्यायाला हसायचं नाही. नवऱ्याला बोलायला लावायचं, सिस्टरला मध्ये घालायचं, डॉक्टरांना दारात अडवायचं, प्रश्न लिहून ठेवायचे, फोनवर रेकॉर्ड करायचं. तोलल्यावर आई ठरवते: रात्रीच तीन प्रश्न फाइलच्या वरच्या कागदावर लिहीन आणि सकाळी निवासी डॉक्टरच्या हातात देईन. दोन दिवसांनी हिशोब होतो. तीनपैकी दोन उत्तरं मिळाली, तिसऱ्यासाठी नर्सिंग इनचार्जला विचारायचं ठरलं.

यात समुपदेशकाला गप्प बसणं सर्वांत जड जातं. उपाय त्याला पहिल्या मिनिटातच सुचलेला असतो. पण तो त्याने दिला तर आईला एक उत्तर मिळतं, उत्तर काढण्याची रीत मिळत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या चाचणीत याचा पडताळा आला. तुलनेसाठी काही मातांना तेवढाच वेळ सहानुभूतीने ऐकणारी, पण तंत्र न शिकवणारी व्यक्ती दिली होती. भेटी संपल्या तेव्हा दोन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला होता. तीन महिन्यांनी मात्र तंत्र शिकलेल्या माता आणखी सुधारत गेल्या, दुसरा गट तिथेच थांबला. नुसतं ऐकून घेण्यालाही किंमत आहे, पण पालक ज्याचा पुढे स्वतः वापर करू शकतो, ते जास्त टिकतं. आजारी मुलांच्या पालकांसाठीच्या मानसोपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणारे कोक्रेन आढावेही अडचण-निवारणाच्या पद्धतीच्या बाजूने झुकतात. ही पद्धत रुग्णालयांतल्या मानसशास्त्रज्ञांना आणि समाजसेवकांना शिकवण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने कार्यशाळांना निधी दिला. पद्धत सिद्ध होणं आणि ती वापरणारी माणसं तयार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीला वेगळा पैसा लागतो.

घर, घराणं आणि कागद

मराठी घरात या भीतीला आणखी फाटे फुटतात. "आमच्या घराण्यात असं काही नव्हतं" हे वाक्य निदानानंतर फार लवकर ऐकू येतं, आणि बोट सुनेकडे असतं. इथे समुपदेशकाला थोडी आनुवंशिकता यायलाच हवी. थॅलेसेमिया मेजर किंवा सिकलसेल ॲनिमिया असलेल्या मुलाचे आई आणि वडील सर्वसाधारणपणे दोघेही वाहक असतात, आणि दोघे वाहक असताना प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलच्या कुटुंबांशी बोलताना हे एवढं स्पष्ट सांगितलं तरी आरोपाची धार कमी होते. डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं जनुक आईकडून येऊ शकतं, पण सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये तो बदल नव्यानेच घडलेला असतो. ज्या आईने दहा वर्षं स्वतःला दोषी धरलं, तिला हे आधी कुणी सांगितलेलंच नसतं.

वडिलांचं वेगळं. ते येत नाहीत असं म्हणून त्यांना सोडून दिलं जातं. अनेकदा ते नोकरी टिकवण्याच्या आणि कर्ज फेडण्याच्या धावपळीत असतात. त्यांच्याशी फोनवर, रात्री नऊनंतर, पैशांच्या प्रश्नापासून सुरुवात केली की बोलणं होतं. निरोगी भावंड शहाणं, समंजस म्हणून वाखाणलं जातं आणि त्याचंही काही बिनसू शकतं हे कुणाच्या लक्षात येत नाही.

मग तो प्रश्न, जो प्रत्येक पालक कधीतरी विचारतो: "माझ्यानंतर याचं काय?" कच्चा समुपदेशक याला भविष्याची चिंता म्हणून नोंदवतो आणि वर्तमानात राहायला सांगतो. या प्रश्नाचं अर्धं उत्तर कायद्यात आहे. १९९९ सालच्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीसाठी अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमता येतो, आणि ते काम जिल्हा पातळीवरची समिती करते. त्याच न्यासाची 'निरामय' ही आरोग्यविमा योजना आहे आणि पालकाला उसंत मिळावी म्हणून 'समर्थ' ही निवासाची योजना आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले आणि त्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेलही आले. समुपदेशकाने हे अर्ज स्वतः भरावेत असं नाही. ते काम वैद्यकीय समाजसेवकाचं, आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तर असं पद १९४६ पासून आहे. पण कोणती काळजी कागदाने हलकी होते आणि कोणती बोलण्याने, हे ओळखून आईला योग्य दारापर्यंत पोचवणं त्याला जमायला हवं.

याच प्रश्नाची एक काळी बाजू आहे आणि प्रशिक्षण तिच्याकडे पाठ फिरवू शकत नाही. "आम्ही दोघं एकदमच गेलो तर बरं" असं एखादी आई सहज म्हणून जाते. ते थकव्याचं बोलणं आहे की बेत, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे संशोधनाने स्पष्ट झालं आहे. म्हणून हा प्रश्न मोठ्याने, न अडखळता विचारण्याचा सराव करून घ्यावा लागतो: "जीव द्यावा असं मनात येतं का? मुलालाही सोबत घ्यावं असं येतं का? कसं करायचं हे ठरवलंय का?" उत्तर होकारार्थी असेल तर त्या दिवशी आईला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना आणि मानसोपचारतज्ज्ञाला त्याच दिवशी सामील करायचं. '१४४१६' हा टेलिमानसचा, म्हणजे फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या सेवेचा, सरकारी क्रमांक अशा वेळी समुपदेशकाला तोंडपाठ हवा.

शिकवायचं कसं

इथवरचं सगळं व्याख्यानात सांगता येतं, पण व्याख्यान ऐकून कुणी समुपदेशक झालेला नाही. या बाबतीत शेजारच्या गोव्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या 'संगत' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या उपचारांसाठी मानसशास्त्राची पदवी नसलेले स्थानिक स्त्री-पुरुष तयार केले. तीन आठवडे वर्ग आणि त्यानंतर सहा महिने देखरेखीखालचं काम. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेल्या ४९३ जणांच्या या चाचणीत, तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीची सुधारित सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

ते लोक आजारी मुलांचे पालक नव्हते, पण तिथली शिकवण्याची रीत उचलण्याजोगी आहे. तिचा कणा म्हणजे दर आठवड्याची बैठक. संमतीने ध्वनिमुद्रित केलेली एखादी भेट सगळे मिळून ऐकतात, ठरलेल्या मापाने गुण देतात आणि मग बोलतात. सुरुवातीला तज्ज्ञ बैठक चालवतो, हळूहळू समुपदेशक आपापसात चालवू लागतात. सहकाऱ्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी ताडूनही पाहिले गेले. स्वतःचा आवाज ऐकताना माणसाला कळतं की आई बोलत असताना आपण तिला चार वेळा मध्येच तोडलं. हे कुठल्याही पाठ्यपुस्तकाने कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या 'इक्विप' उपक्रमात हीच दिशा आहे. शिकाऊ व्यक्तीचे तास मोजण्याऐवजी अभिनय करणाऱ्या 'रुग्णा'बरोबर तिचं कौशल्य पाहायचं आणि चार पातळ्यांवर तोलायचं. सर्वांत खालची पातळी अपायकारक वागण्याची: दोष देणं, उपदेश झाडणं, खासगी गोष्ट बाहेर फोडणं. त्यासाठीचं मूळ मापन नेपाळमधल्या कामातून आलं. जागतिक आरोग्य संघटनेचा विकासात अडथळे असलेल्या मुलांच्या पालकांसाठीही एक कार्यक्रम आहे: नऊ गटबैठका, तीन घरभेटी आणि बिगरतज्ज्ञ मार्गदर्शक. त्यात मुलाशी खेळण्या-बोलण्याच्या कौशल्यांच्या जोडीला पालकाच्या स्वतःच्या तब्येतीलाही जागा दिलेली आहे.

मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ साली सुरू केलेलं 'उम्मीद' हे बालविकास केंद्र आणखी एक वाट दाखवतं. तिथल्या मानसिक आरोग्य प्रशिक्षणाचा पाया मायकल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांची कथनपद्धती आहे. या पद्धतीत माणूस म्हणजे अडचण असं मानत नाहीत, अडचण ही अडचण असते. पालक त्रास सांगत असताना समुपदेशकाने त्याच बोलण्यातलं ज्ञानही ऐकायचं. "फिट येण्याआधी याचे डोळे जरा वर जातात, मला कळतं" असं आई म्हणते तेव्हा पुढचा प्रश्न असतो, "हे ओळखायला कसं शिकलात? तुमच्याकडे असलेलं हे ज्ञान आणखी कुणाला ठाऊक आहे?" दहा वर्षं फक्त रुग्णाची आई म्हणून ओळखली गेलेली बाई असा प्रश्न पहिल्यांदाच ऐकत असते.

सगळ्या पालकांना इतकं सगळं लागतही नाही. बाल-मानसशास्त्रज्ञ ॲन काझाक यांनी २००६ साली मांडलेला पिरॅमिड यासाठी वापरतात. तळाला निम्म्याहून अधिक कुटुंबं: ताण आहे, पण स्वतःची वाट काढणारी. त्यांना माहिती आणि सौजन्य पुरतं, आणि ते नर्स किंवा डॉक्टरही देऊ शकतात. मधल्या गटाला नेमकी, मोजकी मदत. टोकावरच्या थोड्यांना तज्ज्ञाचे उपचार. लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञही नसलेल्या देशात ही विभागणी म्हणजे काटकसर आहे, आणि न्यायही. तिच्यावाचून तज्ज्ञाचा वेळ जो मोठ्याने बोलतो त्याला मिळतो.

शिकणाऱ्याचीही काळजी घ्यावी लागते. ज्याच्या पालकांशी वर्षभर बोलणं झालं ते मूल दगावतं, आणि दुसऱ्या दिवशी समुपदेशकासमोर तोच आजार असलेल्या दुसऱ्या मुलाची आई असते. तो कोरडा होतो किंवा वाहवत जातो. देखरेखीची बैठक यासाठीही लागते. तिथे केस मांडण्याइतकंच 'मला काल झोप लागली नाही' हे सांगणंही कामाचाच भाग धरलं पाहिजे.

पहिली भेट

आपल्याकडे सांगाडा अगदीच नाही असं नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची कल्पना आहे, आणि त्यांच्या रचनेत बालरोगतज्ज्ञाबरोबर मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक धरलेले आहेत. मुलाची फाइल तिथे उघडली जातेच. तीत पालकासाठी एक पान जोडायला वेगळी इमारत लागत नाही. लागतो तो शिकवलेला माणूस आणि त्याच्यासाठी दर आठवड्याचा देखरेखीचा तास.

तोवर पालकांनाच पारख करावी लागणार. समुपदेशक कसा शिकला आहे हे भिंतीवरच्या प्रमाणपत्रापेक्षा पहिल्या भेटीत जास्त कळतं. त्याने मुलाचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत विचारला का? तुमच्याखेरीज ही कामं आणखी कुणाला येतात, हे विचारलं का? तुम्ही घाबरता त्यातलं किती प्रत्यक्षात घडून गेलंय, हे जाणून घेतलं का? भेटीची वेळ औषधांच्या आणि दुधाच्या वेळा पाहून दिली का, जमत नसेल तर फोनवर बोलायची तयारी दाखवली का? आणि हे काही न विचारता 'सकारात्मक राहा' असं सांगितलं असेल, तर दुसरा समुपदेशक शोधायला बिलकूल संकोच करू नका.